पाटाकडेनं सायकल : नवशिक्यांसाठी मार्गदर्शन, आकृत्यांविना

सर्वप्रथम फ्रान्स डोक्यातून काढावा.

हल्ली नवशिक्याची सायकल आधी मोबाइलवर चालू लागते. पडद्यावर एक गोरं जोडपं कालव्याकाठच्या सपाट, गर्द सावलीच्या वाटेनं निवांत पायडल मारत असतं, हँडलच्या टोपलीत हातभर लांबीचा पाव असतो आणि मागून एकही टँकर हॉर्न देत नसतो. त्या पावाचं आणि त्या जोडप्याचं आपल्याला काही सोयरसुतक नाही. टँकर नसणं मात्र जिव्हारी लागतं. नगर-मनमाड रस्त्यावर ज्यानं एकदा तरी सायकल घातली आहे, त्याच्या तर फारच.

त्या कालव्याचं नाव कनाल द्यु मिदी. मिठावरचा कर गोळा करणाऱ्या प्येर-पॉल रिके नावाच्या गृहस्थानं १६६६ साली तो खणायला घेतला. इकडे रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा तिकडे खोदाई चालूच होती. तुलूझपासून भूमध्य समुद्राच्या बाजूला २४० किलोमीटर पाणी नेऊन १६८१ साली कालवा खुला झाला. रिके त्याच्या काही महिने आधीच वारला होता. बोटी ओढायला घोडे असत आणि घोड्यांना चालायला काठानं वाट होती. पुढे रेल्वे आली, ट्रक आले, मालाच्या बोटी थांबल्या, आणि ती वाट सायकलवाल्यांच्या पदरात पडली. बंद पडलेल्या रेल्वेमार्गांचंही फ्रेंचांनी तेच केलं. बरगंडीत जिव्री ते क्लुनी हा तसला पहिला ४४ किलोमीटरचा मार्ग १९९७ साली झाला. थोडक्यात, तिकडे जे निकामी झालं ते सायकलीला मिळालं.

आपल्याकडे निकामी काही होत नाही. नगर जिल्ह्यातली वाहनविरहित वाट आजही कामावर आहे आणि तुम्ही तिच्या कामात मध्ये येणार आहात, एवढं समजलेल्यानंच पुढे वाचावं.

मार्ग

जिल्ह्याचा नकाशा उघडावा. तो मोठा असतो, कारण जिल्हा क्षेत्रफळानं राज्यात सर्वांत मोठा आहे, १७ हजार चौरस किलोमीटरच्या वर. जुन्या पाट्यांवर अहमदनगर असेल, नव्यांवर अहिल्यानगर. दोन्ही एकाच एसटी स्टँडला नेतात. लाल आणि पिवळ्या रेषांकडे बघू नये, तिथे टँकर राहतात. निळ्या रेषा बघाव्या. त्यांतल्या मनाला येईल तशा वळणाऱ्या त्या नद्या. ज्या वळतात पण कारण असल्याशिवाय वळत नाहीत, ते कालवे. तोंडानं मात्र कालवा म्हणू नये. माणसं पाट म्हणतात, नाहीतर कॅनॉल.

प्रत्येक मोठ्या पाटाच्या कडेनं खात्याचा देखरेखीचा रस्ता असतो. पाट कुठे फुटला, कुठे कुणी रात्रीत पाइप टाकला, कुठे झाड आडवं झालं, हे बघत साहेबाला फिरता यावं म्हणून तो केला. पाणी आपलंआपण वाहायचं तर पाटाला किलोमीटरमागे जेमतेम हातभर उतार चालतो. जास्त दिला तर पाणी काठ खातं, कमी दिला तर गाळ बसतो. म्हणून टेकाड आलं की पाट त्याच्या पोटाला धरून वळसा घालतो, ओढा आला की त्याच्यावरून जलसेतूनं जातो, पण चढत नाही. आणि पाट चढत नाही म्हणून रस्ताही चढत नाही. इंजिनिअरांनी लाखो रुपयांचं गणित करून तुमच्या गुडघ्यांची सोय केलेली आहे. त्यांच्या मनात ती नव्हती, पण आभार मानायला हरकत नाही.

नवशिक्यानं प्रवरेपासून सुरुवात करावी. भंडारदऱ्याचं विल्सन धरण १९१० साली बांधायला घेतलं आणि १९२६ साली पुरं झालं. त्यात साधारण अकरा टीएमसी पाणी मावतं. ते सोडलं की नदीतूनच खाली येतं, आणि संगमनेरच्या पुढे ओझरच्या बंधाऱ्यावर अडवून दोन पाटांत वळवलं जातं. ओझरचा पाट मुळात धरणाच्याही आधीचा, एकोणिसाव्या शतकातला. डावा कालवा लोणीवरून श्रीरामपूरकडे आणि पुढे नेवाशाच्या दिशेनं जातो. उजवा देवळाली प्रवरा, राहुरी कारखान्याच्या बाजूचा. डावा लांब आहे, उजवा आखूड. नवशिक्यानं आखूड घ्यावा असं कुणीही सांगेल, पण माझं मत डाव्याच्या बाजूचं आहे. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० साली उभा केलेला सहकारी कारखाना आहे. देशातल्या सहकारी साखरेची सुरुवात तिथली. पाटाच्या पाण्याचं पुढे काय होतं, हे नाकानं समजून घ्यायला त्याच्यासारखी जागा नाही. मळीचा वास पहिल्या दिवशी असह्य वाटतो. नंतर तो आला की श्रीरामपूर जवळ आलं म्हणून बरं वाटायला लागतं.

थोडा सराव झाल्यावर मुळा धरणाचा उजवा कालवा घ्यावा. राहुरीहून निघून तो नेवासा, शेवगाव, पाथर्डीच्या अंगाला जातो. वाटेत शनिशिंगणापूर फार लांब नाही. तिथे घरांना दारं न लावण्याची रीत आहे, २०११ साली बँकेची शाखासुद्धा कुलपाविना उघडली. तरी सायकलला कुलूप लावावं, कारण बँकेला चाकं नव्हती. नेवाशात ज्ञानेश्वर ज्या खांबाला टेकून बसत तो पैसचा खांब आहे. घटकाभर टेकावं, पण त्या खांबाला नव्हे, बाहेरच्या झाडाला.

निळवंड्याचा पाट सर्वांत नवा. योजना १९७० ची, डाव्या कालव्याचं लोकार्पण ऑक्टोबर २०२३ मध्ये. लांबी ८५ किलोमीटर. यावर जाताना वयस्कर माणूस भेटला तर उतरून नमस्कार करावा. पाटाची वाट बघण्यात त्याची जवानी गेलेली असते आणि तुम्ही तिथे सकाळच्या व्यायामाला आलेला असता.

भंडारदऱ्याच्या जलाशयाला वळसा घालणारा रतनवाडीचा रस्ता सगळे सुचवतील. देखणा आहे, अमृतेश्वराचं देऊळ तर फारच. पण मे-जूनमध्ये काजवे बघायला तिथे एवढ्या मोटारी येतात की त्यांच्या दिव्यांत काजवे दिसत नाहीत. मार्गदर्शिकेच्या विषयात ते बसत नाही. तसंच ज्यांना खड्डे आवडतात त्यांनी रस्त्यावर वेळ न घालवता पारनेर तालुक्यात निघोजला जावं. कुकडी नदीनं काळ्या खडकात कोरलेले रांजणखळगे बघितले की सार्वजनिक बांधकामाविषयीचा राग पुष्कळ कमी होतो.

सायकल

गिअरची नको. गिअर चढासाठी असतात आणि चढ नाही, हे वर सांगितलं. दुसरं कारण असं की साखळी उतरली तर कोपऱ्यावरचा पंक्चरवाला काळ्या जाड सायकलीची साखळी डोळे मिटून बसवतो. तुमच्या सायकलीच्या मागे एकावर एक आठ चकत्या बघितल्या की तो हात पुसून बाजूला होतो.

टायर जाड असावा. फ्रान्सच्या कालव्यावर चिनाराच्या भावकीतली झाडं सावली धरतात. २००६ पासून बुरशीच्या रोगानं ती हजारोंनी तोडावी लागली, हे त्यांचं दुःख. आपल्याकडे वेडी बाभूळ आहे. तिला कुठलाही रोग होत नाही. तिचा वाळलेला काटा जाड टायरमधून आरपार जातो आणि आत शांतपणे बसून राहतो. हवा सुटते ती तुम्ही गावापासून बरोबर मधोमध पोहोचल्यावर. त्याहून वाईट सराटा. जमिनीसरपट पसरलेला, पिवळ्या नाजूक फुलांचा वेल बघून त्याचा फोटो काढण्यासाठी सायकल त्याच्यावर उभी करण्याचा मोह नवशिक्याला होतो. टायर आणि ट्यूबच्या मधे जुन्या ट्यूबची चिरलेली पट्टी फिरवून घ्यावी. पंप, सोल्युशन, ठिगळं आणि घासायला सँडपेपर जवळ ठेवावा. काटा काढल्यावर आतून बोट फिरवून बघावं. काटे जोडीनं येतात.

घंटा मोठी. याचं कारण पुढे येईल.

महिने

पावसाळ्यात जाऊ नये. पश्चिमेला घाटघरला आभाळ फाटतं आणि श्रीरामपूरकडे वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, म्हणून खालचा भाग कोरडा आहे असं समजू नये. पाटाचा रस्ता बहुतेक ठिकाणी मुरमाचा नाहीतर काळ्या मातीचा आहे. एक सर आली की ती माती चाकाला धरते, चाकावरून मडगार्डात भरते, आणि थोड्या वेळानं चाक फिरायचं थांबतं. मग सायकल खांद्यावर घ्यावी लागते. माती तुमच्या चपलांनाही धरते, त्यामुळे उंची दोन इंचांनी वाढते. एवढाच फायदा.

दसऱ्याच्या आधीच्या दिवसांत रस्ता असतो, पण दिसत नाही, कारण त्यावर गोधड्या वाळत असतात. नवरात्राच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण पाटावर धुवायचं असतं आणि वाळवायला पाटाच्या रस्त्याइतकी लांब, स्वच्छ, वाहनविरहित जागा दुसरी नाही. गोधडीवरून सायकल घालू नये. ज्या माउलीची गोधडी असते तिचा आवाज पाण्यावरून फार लांब ऐकू येतो. गोधड्या गेल्या की सोयाबीन येतं, सोयाबीन गेलं की बाजरीची कणसं.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे खरे महिने. हवा गार, रब्बीचं आवर्तन सुटलेलं, दोन्ही काठ हिरवे. डिसेंबर-जानेवारीत कडेच्या रानात हुरडा भाजत असतात. वास आला की वेग कमी करावा, ओळख नसली तरी राम राम घालावा आणि घाईत असल्याचा आव आणू नये. बाकीचं ते बघतात. तुमच्या पिशवीतला प्रथिनांचा बार मात्र बाहेर काढू नये. तो काय आहे हे समजावून सांगण्यात हुरडा निवतो.

मार्चनंतर ऊन. तोंड बांधून जाणाऱ्यांना कुणी अडवत नाही, पण शहाणी माणसं लिंबाखाली झोपलेली असतात.

कोण कोण भेटतं

वाहनविरहित म्हणजे निर्मनुष्य, ही समजूत मोबाइलनं करून दिलेली आहे. पाटावर सतत कुणीतरी असतं.

धुणं धुणाऱ्या बाया असतात. मोरीच्या वळणाच्या बऱ्याच आधीपासून घंटा वाजवावी आणि नजर समोरच्या क्षितिजावर ठेवून पुढे जावं. घंटा मोठी हवी ती यासाठी. पोहणारी पोरं असतात. ती तुम्हाला उडी मारायला बोलावतील. मारू नये. पाटाची बाजू अस्तराची, उताराची आणि शेवाळलेली असते, पाणी दिसतं त्यापेक्षा जोरात ओढतं, आणि बाहेर यायला हात धरण्याजोगं काही नसतं. या मार्गदर्शिकेतलं हे एक वाक्य चेष्टेत घेऊ नये.

मेंढरं असतात. कळप आला की उतरावं, सायकल पाटाच्या बाजूला न धरता शेताच्या बाजूला धरावी आणि उभं राहावं. मेंढरं तुमच्या दोन्ही बाजूंनी जातील. त्यांच्या कुत्र्याशी नजरानजर करू नये, तो नोकरीवर आहे. वस्तीवरच्या कुत्र्याचं वेगळं. त्याला पळती सायकल सहन होत नाही, उभी सायकल मात्र त्याला गोंधळात टाकते. उतरून, सायकल मधे घेऊन चालत जावं. जोरात पायडल मारून निसटण्याचा विचार प्रत्येकाला येतो. कुत्र्यालाही तो येऊन गेलेला असतो.

गळिताचा हंगाम चालू असेल तर पाटाचा रस्ता जिथे डांबरी रस्त्याला छेदतो तिथे थांबावं. उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर येत असतो. तो दिसायच्या आधी त्यावरचं गाणं ऐकू येतं. गाणं ऐकू आलं की घाई करू नये, त्याला ब्रेक लावायची सवय नसते. मागून बैलांच्या टायरगाड्यांची रांग असते. पाथर्डीकडून, बीडकडून आलेली ऊसतोडीची कुटुंबं त्यांत असतात, पहाटे कोयता धरून उठलेली. त्यांच्याकडे बघून तुमच्या घड्याळानं मोजलेल्या कॅलरी सांगाव्याशा वाटणार नाहीत.

आणि बिबट्या. संगमनेर, अकोले, राहुरी, श्रीरामपूर या पट्ट्यात तो डोंगरात राहत नाही, उसात राहतो; तिथेच पिल्लं घालतो. अकोल्याच्या शिवारात विद्या अत्रेय यांनी त्याचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. २००९ साली पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक बिबट्या त्यांनी गळ्यात पट्टा घालून माळशेजला सोडला. तो शंभराहून जास्त किलोमीटर चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात जाऊन पोहोचला. त्याचं नाव आजोबा, पुढे त्याच्यावर सिनेमाही निघाला. या जिल्ह्यातल्या कुणीही केलेला तो सर्वांत यशस्वी वाहनविरहित प्रवास आहे आणि त्यात पंक्चर नव्हतं. नवशिक्यानं हा विक्रम मोडायला जाऊ नये. पुरतं उजाडल्यावर निघावं, दिवस मावळायच्या आत डांबरीला लागावं. उसाच्या कडेला वाकून बूट बांधू नये. वाकलेला माणूस बिबट्याला वेगळ्याच मापाचा दिसतो.

प्रश्नोत्तरं

प्रत्येक पुलावर दोन-तीन माणसं बसलेली असतात. ती तुम्हाला प्रश्न विचारतील. फ्रान्समध्ये म्हणे लोक हात हलवून पुढे जातात. आपल्याकडे ते उद्धटपणाचं समजतात.

पहिला प्रश्न : "कुढं निघालात?" याला "कुठे नाही, असंच" हे उत्तर चालत नाही. असंच कुणी कुठे जात नाही. गावाचं नाव सांगावं, आणि तिथे कुणाकडे हेही ठरवून ठेवावं.

दुसरा : "गाडी इकली का काय?" किंवा "पेट्रोल लई झालं, न्हाई का?" इथे व्यायामाचं कारण देता येतं. पण विचारणारा सकाळपासून दारं धरून आलेला असतो, फावडं अजून ओलं असतं. तो तुमच्याकडे नुसता बघेल. डॉक्टरांनी सांगितलंय, हे उत्तर सर्वांत बरं. त्यानं संशय मिटतो, सहानुभूती मिळते, आणि शुगर किती, हा प्रश्न येतो. तो आकडा तयार ठेवावा.

तिसरा प्रश्न विचारत नाहीत, पण तो हवेत असतो : तुम्ही खात्याचे की काय? पाटाच्या रस्त्यावर अनोळखी माणूस हळूहळू, इकडेतिकडे बघत चाललाय म्हटल्यावर तो मोटारी मोजायला आला असणार. रस्त्याला आडवे गेलेले काळे पाइप तुम्हाला दिसतील. त्यांवरून सायकल उचलून न्यावी आणि ते कुठून येतात, कुठे जातात याविषयी संपूर्ण निरिच्छ राहावं. फोटो तर अजिबात काढू नये. कुठे फाटक बंद असलं तर पाटकऱ्याला विचारल्याशिवाय ओलांडू नये. रस्ता खात्याचा आहे, तुमचा हक्क त्यावर काहीच नाही.

आणखी एक. जायकवाडी हा शब्द काढू नये. २००५ च्या कायद्यानं वरच्या धरणांतलं पाणी खाली समन्यायी वाटायचं ठरलं, ते बरोबर की चूक, याविषयी पैठणला तुम्ही काहीही म्हणू शकता. इथे पुलावर सायकल टेकवून म्हणू नये. चहा अर्ध्यावर परत जातो.

टेल

पाट जिथून सुटतो ते हेड आणि जिथे संपतो ते टेल. हेडला पाट रुंद असतो, रस्ताही रुंद असतो. जसजसे खाली याल तसतसा पाट चाऱ्यांत वाटला जातो आणि रस्ता बारीक होत जातो. पत्ताही बदलतो, गावाचं नाव मागे पडून 'चारी नंबर अमुक' एवढ्यावर माणसं आणि पोस्टमन भागवतात. शेवटी रस्ता बैलगाडीची चाकोरी होतो, मग पायवाट, मग कुणाच्या तरी घासाच्या वाफ्यात शिरतो. तिथे उतरावं.

टेलचा शेतकरी बांधावर उभा असेल. तो तुम्हाला कुढं निघालात विचारणार नाही. तो विचारील, "वरून आलात का? हेडला सुटलंय का? किती फुटानं चालू हाये?" जिल्ह्यातल्या सायकलस्वाराला विचारला जाणारा हा पहिला उपयोगाचा प्रश्न आहे, आणि याच्यासाठी पहिल्या किलोमीटरच्या दगडापासून पाण्याकडे लक्ष ठेवायला हवं होतं. नवशिक्यानं प्रत्येक मोरीशी थांबून मोजपट्टीवरचा आकडा वहीत टिपावा. कुठल्या चारीचं गेट उघडं होतं, कुठे पाणी रस्त्यावर सांडत होतं, तेही. हे सगळं त्याला खरंखरं सांगावं. पाइपांविषयी विचारलं तर वर सांगितलेली निरिच्छता आठवावी, पण तो फार वेळ टिकू देणार नाही.

चहा इथे पुरा मिळतो. जाताना तो वरच्या पाटकऱ्यासाठी एक निरोप देईल. निरोप नीट लिहून घ्यावा, वाचून दाखवावा आणि त्यातले जे शब्द लिहिण्याजोगे नसतील ते तोंडपाठ करावे. परतीला उतार तुमच्या विरुद्ध आहे, पण किलोमीटरमागे हातभरच.